उसनं रडू



गेल्या दिवाळीआधी आमच्या जिल्ह्यातल्या काही महिला गटांनी मिळून एक कथास्पर्धा घेतली. अटी दोनच. लिहिणारी बाई हवी आणि कथा स्वतःची हवी. ४३ कथा आल्या. तीन परीक्षकांत मी एक होते. मी साहित्यातली जाणकार वगैरे नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं कुटुंब सल्ला केंद्रात बसते. बायकांचं ऐकणं हे माझं काम. म्हणून मला बोलावलं असावं.

वाचताना मी वहीत खुणा करत गेले. ४३ पैकी २९ कथांत नवरा दारुडा. २६ कथांत नायिका सोशिक, गोरी, अभ्यासात हुशार, पण शिक्षण अर्धवट सुटलेली. १९ कथांत बाहेर पाऊस. शेवटी ती दार उघडून बाहेर पडते आणि पूर्वेला सूर्य उगवलेला असतो, अशा कथा १७. त्या १७ जणींपैकी एकही बाहेर पडून कुठे गेली, त्या रात्री कुठे झोपली, खोलीचं भाडं कुणी दिलं, रेशनकार्डाचं काय झालं, याचा पत्ता नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला मात्र नेमके हेच प्रश्न पडलेले असतात.

त्यातल्या दोन कथा तर शब्दाला शब्द सारख्या. एकीतली सुमन दुसरीत सुनंदा झाली होती, एवढाच फरक. पाठवणाऱ्या दोघी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. म्हणजे दोघींनीही तिसरीकडून उतरवून घेतलेलं. एकीला मी फोन केला. ती जराही न बिचकता म्हणाली, “ताई, विषय तर आपल्या सगळ्यांचाच आहे ना? मग कुणी लिहिलं याने काय फरक पडतो?”

फोन ठेवल्यावर मला राग आला. नंतर लक्षात आलं, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. आपल्या चळवळीनेच तो तिच्या तोंडी दिला आहे. कथा म्हणजे विषय, विषय म्हणजे अत्याचार, आणि अत्याचार सगळीकडे सारखाच, असं आपणच शिबिरांतून शिकवत आलो. म्हणून त्याचं उत्तरही आपल्यालाच द्यायला हवं.

कुणाची कथा उचलून आपल्या नावावर खपवणं हा गुन्हा आहे, हे सांगायला माझी गरज नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखिकेच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्या लेखनाचं रक्षण करतो. पण हा कायदा रक्षण करतो ते शब्दांचं, मांडणीचं. कल्पनेचं नाही. दारुडा नवरा, पाऊस आणि सूर्योदय कुणाच्याही मालकीचे नाहीत. ते घेतल्याबद्दल कुणी कुणावर फिर्याद करू शकत नाही. मला बोलायचं आहे ते याच चोरीबद्दल, जी कायद्याच्या लेखी चोरीच नाही आणि म्हणून आपण बिनदिक्कत करतो. तयार साचा उचलायचा, त्यात एक बाई ओतायची आणि तिला ‘वास्तव’ म्हणायचं.

दुसरीकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगते.

मी २६ वर्षांची असताना एक कथा लिहिली. तिला एका दिवाळी अंकाचं बक्षीसही मिळालं. कथा आमच्या केंद्रात येणाऱ्या एका विडी कामगार बाईवर होती. नाव बदललं, गाव बदललं, मुलांची संख्या बदलली. तेवढं केलं की झालं, असं मला वाटत होतं. तिने मला सांगितलेली एक रात्र मी कथेत जशीच्या तशी घेतली होती. सकाळी कारखान्यात हजार विड्या द्यायच्या होत्या, नवरा मारत होता आणि मार खाऊन झाल्यावर ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन वळायला बसली. माझ्या कथेत ती वळता वळता रडते आणि तिचे अश्रू तंबाखूत मिसळतात. या वाक्याचं परीक्षकांनी कौतुक केलं होतं.

अंक तिच्या वस्तीत पोचेल असं मला वाटलं नव्हतं. पोचला. तिच्या नववीतल्या मुलीने तिला कथा वाचून दाखवली. पुढच्या बुधवारी ती केंद्रात आली. मी मान खाली घालून बसले होते. विचारल्याशिवाय लिहिलंस म्हणून ती रागावेल, असं मी धरून चालले होते. तेही ती बोललीच. पण आधी म्हणाली, “ताई, तंबाखू भिजली तर विडी पेटंल का? पानं भिजवत्यात, तंबाखू न्हाई. वल्ली तंबाखू घातली तर सगळा माल छाटात काढतील.”

मी गप्प.

“आन मी रडले न्हाई. मी मोजत हुते. तो मारत हुता तवा सातशे चाळीस झाल्या हुत्या. त्यो आकडा म्या डोक्यात धरून ठिवला हुता. इसरले असते तर पुन्यांदा समद्या मोजाव्या लागल्या असत्या.”

सातशे चाळीस. हा आकडा तिने मला पहिल्याच भेटीत सांगितला होता. माझ्या नोंदवहीत तो होता. कथा लिहिताना मी तो गाळला. कारण मार खाणारी बाई मोजत नसते, रडत असते, हे मला आधीपासून ‘माहीत’ होतं. कुठून माहीत होतं? वाचलेल्या शंभर कथांमधून, पाहिलेल्या सिनेमांमधून. तिच्याकडून मी घर घेतलं, सूप घेतलं, वळ घेतले, आणि रडू मात्र दुसरीकडून उसनं आणून तिच्या तोंडावर चिकटवलं. तिची वस्तू न विचारता नेली, आणि नेऊन तिची राहू दिली नाही. दोन अपराध एकदम.

हा लेख लिहिण्याआधी मी तिच्याकडे गेले आणि हा भाग तिला वाचून दाखवला. आता ती साठीला आली आहे. तिने दोन शब्द दुरुस्त करून दिले आणि छापायला हरकत नाही म्हणाली. दहा वर्षांपूर्वी हे करायला मला अर्धा तास लागला असता.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं केवढं अवडंबर! कथाच तर आहे, रडली काय आणि मोजलं काय. मला वाटतं, इथेच आपली गफलत होते. साचा कथेत राहत नाही. तो कथेतून उठतो आणि पोलीस ठाण्यात, न्यायालयात जाऊन बसतो, आपल्या केंद्रातल्या खुर्चीतही बसतो.

मथुरा प्रकरण आपण कुणी विसरलेलो नाही. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असणार, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आता जरा वेगळ्या बाजूने बघा. न्यायमूर्तींच्या मनात एक कथा आधीच तयार होती. त्या कथेतली बाई ओरडते, झटापट करते, तिचे कपडे फाटतात, बांगड्या फुटतात. मथुरा त्या कथेत बसली नाही. पोलीस ठाण्यात, दार बंद असताना, पोलिसासमोर एक गरीब मुलगी भीतीने गोठून जाऊ शकते, ही कथा त्यांनी कधी वाचलीच नव्हती. ती कुणी लिहिलीच नसेल, तर ते वाचणार कुठून?

हा न्याय आपल्यालाही लावून बघू. मागे आमच्या केंद्रात एक बाई आली. बँकेत नोकरी, इस्त्रीची साडी, लिपस्टिक, बोलताना मधूनच हसायची. आमच्या कार्यकर्तीने अर्जावर शेरा मारला, ‘तक्रार गंभीर वाटत नाही.’ त्या बाईचं एटीएम कार्ड सात वर्षं नवऱ्याच्या खिशात होतं. ऑफिसला जायला तो तिला रोज मोजून तीस रुपये द्यायचा. अंगावर एकही वळ नव्हता. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसाही हिंसाच मानली. कायदा तिथवर गेला. आमची कार्यकर्ती मात्र २९ दारुड्या नवऱ्यांच्या कथेतच अडकून होती. ती वाईट नव्हती, आळशीही नव्हती. समोरची बाई तिच्या साच्यात बसत नव्हती, एवढंच. हसणारी बाई, कमावणारी बाई, नवऱ्यावर अजून जीव असलेली बाई, तीनदा परत जाणारी बाई, उलटा हात उगारणारी बाई, या सगळ्या जणी आपल्या केंद्रांत रोज येतात आणि आपल्या कथांतून रोज हाकलल्या जातात.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप. त्या म्हणतात, ‘मौलिकता’ हे मध्यमवर्गीय लेखकाचं खूळ आहे. माझं, माझं, फक्त माझं. बायकांचं दुःख सामूहिक आहे, म्हणून त्यांची अभिव्यक्तीही सामूहिकच असणार. जात्यावरच्या ओव्यांवर कुणाचं नाव होतं का?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून ओव्यांकडेच जाऊ. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना काय दिसतं? चाल सगळ्यांची, प्रतिमा सगळ्यांच्या, कितीतरी ओळींची सुरुवातही सगळ्यांची. पण दळणारी बाई त्यात आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या लेकीचं, आपल्या गावच्या नदीचं. तिच्या सासरची वाट, तिच्याच शेजारणीचं बोलणं घालते. आईकडून आलेली ओवी ती जशीच्या तशी परत करत नाही. तिच्यात आपली मूठभर घालून पुढे देते, म्हणून तर त्या लाखावर झाल्या. सगळ्या जणींनी एकच ओवी म्हटली असती, तर गोळा करायला कुणी गावोगाव कशाला हिंडलं असतं? सामूहिक असणं म्हणजे एकसारखं असणं नव्हे, हे जात्यावरच्या निरक्षर बाईला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

पथनाट्यात नमुनापात्रं लागतात, हेही मान्य. दहा मिनिटांत, चौकात, रिक्षाच्या आवाजात सासू ही सासूच दिसायला हवी. घोषणेला साचा शोभतो. पण कथा वाचणारी बाई एकटी असते. दुपारी कामं उरकून ती अंक उघडते आणि पानांत स्वतःला शोधते. तिला तिथे घोषणाच मिळाली, तर ती अंक मिटते आणि मनाशी म्हणते, ‘या सगळ्या जणींपेक्षा मी काहीतरी वेगळीच आहे, माझंच काहीतरी चुकलेलं आहे.’ तिचा एकटेपणा कमी करायला म्हणून आपण लिहायला बसलो होतो, आणि तोच आपण वाढवला.

आपल्या आधीच्या बायकांनी काय केलं ते बघा. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी नुसत्या रूढींवर कोरडे ओढले नाहीत. त्या काळच्या नाटककादंबऱ्यांतून पुरुष लेखकांनी रंगवलेल्या बायकांचाही त्यांनी झाडून समाचार घेतला. कथेतली खोटी बाई खऱ्या बाईच्या जिवावर उठते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. बाळूताई खरे यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. त्यात शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं होतं, घरच्यांच्या स्वार्थासकट आणि त्यांच्या स्वतःच्या शरीराच्या भुकेसकट. समाज खवळला. तो समाज अश्रूंनी खवळला नसता. रडणाऱ्या विधवेची त्याला सवय होती. त्याला पेलली नाही ती न रडता बोलणारी मुलगी. याच लेखिकेने पुढे सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवल्या गेलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली आणि त्या कामातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी दिली. तारेच्या कुंपणाआडची माणसं तिने तिथे राहून पाहिली होती. आपल्यासारख्या पगारी कार्यकर्त्यांनी हे पुस्तक मुद्दाम वाचावं.

उर्मिला पवार यांचं ‘सहावं बोट’ १९८८ चं. दलित बाईला बाहेर जात आणि घरात पुरुष अशा दोन्हींशी झगडावं लागतं. स्त्रीमुक्तीवाल्यांच्या साच्यात जात मावत नव्हती आणि दलित चळवळीच्या साच्यात बाई. त्यांना दोन्ही साचे बाजूला ठेवावे लागले. कविता महाजन यांची ‘ब्र’ २००५ मध्ये आली. पंचायतीत निवडून आलेल्या बायकांवर लिहिताना, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आत काय चालतं तेही त्यांनी लिहिलं. ते वाचून आपल्यापैकी कितीतरी जणींना चिमटा बसला, आणि बसायलाच हवा होता. या चौघींचं लेखन एकमेकींसारखं अजिबात नाही. साम्य आहे ते एकच. ‘बाई अशी असते’ असं जे त्यांना सांगितलं गेलं होतं, त्याऐवजी त्यांनी दिसलं ते लिहिलं.

आणि आता यंत्रही आलं आहे. ‘अत्याचारित स्त्रीवर कथा लिही’ असं मोबाइलवर टाकलं की मिनिटभरात कथा हजर. आमच्याकडच्या ४३ पैकी काही अशाच आल्या असाव्यात असा मला संशय आहे. तो सिद्ध करता येणार नाही, आणि त्याचं कारणच लाजिरवाणं आहे. यंत्राने लिहिलेली आणि आपल्या बायकांनी लिहिलेली कथा ओळखू येऊ नये, इतक्या आपल्या कथा आधीच एकसारख्या झाल्या होत्या. यंत्राला दोष देऊन काय उपयोग? आपण वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला साचाच ते आपल्याला परत करतं. त्याच्याकडे सातशे चाळीस हा आकडा नाही. तो फक्त मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईकडे होता, आणि तिने तो सांगितला ते ऐकायला बसलेल्या माणसाला.

मौलिक म्हणजे विक्षिप्त नव्हे, कधी न ऐकलेलं कथानकही नव्हे. शब्दातच मूळ आहे. हे मी कुठून आणलं, एवढा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायचा. पाहिलं? ऐकलं? सोसलं? की वाचलेलं आठवलं? आठवलेलं असेल तर खोडायचं आणि पुन्हा आठवायचं, त्या बाईला.

आमच्या ४३ कथांत एक कथा होती. शाळेच्या वहीच्या फाडलेल्या कागदांवर, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसलेली. पिऊन पिऊन मेलेल्या माणसाची आई आणि बायको, दोघीच घरात उरतात. दोघींनाही सुटल्यासारखं वाटतं आणि दोघीही एकमेकींना ते सांगू शकत नाहीत. आई कशी सांगणार? तेरावं होतं. पाहुणे जातात. संध्याकाळी सासू न बोलता चार आण्यांपासून जपलेला आपला बटवा उघडते आणि सुनेला सुके बोंबील आणायला पाठवते. दोघी चुलीवर बोंबील भाजतात आणि भाकरीबरोबर खातात. कथा संपली. दारुडा नवरा यातही आहे, पण ही बाई मी आधी कुठेही वाचली नव्हती. केंद्रात मात्र मी तिला अनेकदा भेटले आहे. माझ्या दोन सहपरीक्षकांनी तिला कमी गुण दिले. कारण लिहिलं होतं, ‘संदेश स्पष्ट नाही.’

आमचं बरंच भांडण झालं. “बायका आत्ता कुठे लिहायला लागल्या आहेत, त्यांचा हिरमोड करता?” असंही मला ऐकवलं गेलं. मला उलट वाटतं. उतरवलेल्या कथेला शाबासकी देणं म्हणजे त्या बाईला सांगणं की तुझ्याजवळ तुझं असं सांगण्यासारखं काही नाही, साचा भरून आण, पुरे. याहून मोठा अपमान कोणता? नवरा, सासू, शेजारी तिला आयुष्यभर हेच सांगत आले आहेत. शेवटी पहिलं बक्षीस विभागून दिलं गेलं. बोंबीलवाल्या कथेला अर्धं मिळालं.

पुढच्या वर्षीसाठी मी गटांपुढे चार गोष्टी ठेवल्या आहेत. त्या तुमच्यापुढेही ठेवते. कथास्पर्धेला विषय देऊ नये. ‘हुंडाबळी’, ‘स्त्रीभ्रूणहत्या’ असा विषय दिला की आपण साचाच हातात देतो. शिबिरात लिहायला बसवताना ‘तुमच्या घरात चहा आधी कुणाला मिळतो’, ‘तुमच्या पिशवीत आत्ता काय आहे’ इतकं साधं विचारावं. ‘संदेश’ या नावाखाली गुण असू नयेत. आणि चौथी गोष्ट आपल्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी आहे. केंद्रात आलेल्या बाईवर कथा लिहायची असेल, तर आधी तिला विचारावं आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवावी. नाव बदललं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ती नको म्हणाली तर कथा फाडून टाकावी. जड जाईल. तिलाही सांगताना जड गेलंच होतं.

सुमनची सुनंदा करणाऱ्या मैत्रिणीला मी पुन्हा फोन केला. तिच्या प्रश्नाला हेच उत्तर दिलं, थोडक्यात. मग विचारलं, तुझ्या घरात काय घडतं? ती म्हणाली, “माझ्या घरात काही घडत नाही हो ताई. कथेसारखं काहीच नाही.” मी म्हटलं, तेच लिहून पाठव. अजून आलेलं नाही. मी वाट बघते आहे.

तुमचं म्हणणं वेगळं असेल तर जरूर कळवा. फक्त ते तुमचं असू द्या.